मास्तरांची एक रात्र : दिवाडी ध्वनिमुद्रण प्रकल्पाच्या नोंदी

३ जून २०२४, सोमवार

जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून सकाळची फेरीबोट घेतली. पिशवीत रेकॉर्डर, दोन कॉलर माइक, संमतिपत्राच्या चार प्रती आणि वाचनालयाचं पत्र. काम सांगायला सोपं आहे. मांडवी नदीतल्या दिवाडी बेटावरच्या मास्तरांच्या सगळ्या गोष्टी ध्वनिमुद्रित करायच्या, लिहून काढायच्या आणि प्रत्येक गोष्टीला काळ, स्थळ, व्यक्ती अशी सूची जोडायची. डिसेंबरअखेर संपवायचं.

आपलं नाव कुठेही लिहायचं नाही, ही मास्तरांची पहिली अट. बेटावर 'मास्तर' म्हटलं की पुरतं. वय ८३. प्राथमिक मराठी शाळेत सदतीस वर्षं शिकवलं, सगळी नोकरी या ना त्या बेटावर. वर्तमानपत्रवाले त्यांना इतिहासकार म्हणतात. ते आठवण करून दिलं तर म्हणाले, "हांव इतिहासकार न्हय गो बाय, हांव तारी." वडील तारी होते, नार्व्याच्या तारीवर होडी वल्हवायचे, मोटरबोटी यायच्या आधी.

संमतिपत्र वाचायला दिलं तर खिशातून लाल पेन काढलं. 'ध्वनीमुद्रण' मधली 'नी' ऱ्हस्व केली, एका वाक्यातला अनुस्वार खोडला, मग सही केली. चारही प्रतींवर तेच. मी पंचवीस वर्षं वाचनालयात काम करते. कान गरम झाले.

रेकॉर्डिंग ०१ : ११ मिनिटं. गोष्ट रंगात आली आणि मास्तर उठून धक्क्याकडे चालू लागले, माइकची वायर ओढत. म्हणे ती गोष्ट पाण्याजवळच सांगायची असते. फाइलमध्ये पुढे फक्त फेरीबोटीचं इंजिन.

११ जून

आज सोप्यावर बसूनच. चांगले दोन तास.

मास्तर पहिली अक्षरं दोन लिप्यांत शिकले. पोर्तुगीज शाळेत 'प्रिमेरु ग्राव', आणि संध्याकाळी एका घरी मराठी, पाटीवर, पोथीच्या वळणाची. घरात कोकणी, पोथीत मराठी, मामलेदाराकडे पोर्तुगीज. त्यांच्या पिढीतल्या पुष्कळांची हीच तऱ्हा. विशीत असताना गोवामुक्तीचा १९ डिसेंबर १९६१ आला. बाणस्तारीचा पूल पोर्तुगीजांनी उडवला तो आवाज बेटावर ऐकू आला, असं ते सांगतात. पाठोपाठ म्हणतात, "आईला वाटलं कुणाकडे लग्नाचे गरनाळ उडाले." भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारात गावोगाव मराठी शाळा निघाल्या, तेव्हा १९६४ त नोकरी लागली. महाराष्ट्रात विलीनीकरण की संघप्रदेश हा जनमत कौल १६ जानेवारी १९६७ चा. त्यात आपण कुठे शिक्का मारला ते मात्र सांगत नाहीत. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा चहा आला.

लिप्यंतराबाबत ठरवलं : संवाद कोकणीत असतील तर कोकणीतच ठेवायचे, निवेदन मराठीत येतं ते मराठीत. मास्तर एकाच वाक्यात दोन्ही भाषांतून जातात. पात्रं बोलू लागली की कोकणी, स्वतः सांगू लागले की मराठी. मी ते एकसारखं करायला गेले तर वाक्यच मेलं.

२२ जून, शनिवार

रेकॉर्डिंग ०५. हीच ती 'त्या रात्री'ची गोष्ट, जिच्यासाठी लोक मास्तरांना बोलावतात. ३८ मिनिटं. सारांश लिहून ठेवते, कारण यावरून पुढे डोकेदुखी होणार आहे.

अमावस्येची रात्र. बेटावर बातमी आली की फिरंगी उद्या देवळं पाडणार. नार्व्याचा सप्तकोटीश्वर, टेकडीवरचा गणपती, पलीकडच्या चोडणचा देवकीकृष्ण, कुंभारजुव्याची शांतादुर्गा, सगळ्यांना एकाच रात्री हलवायचं. दोन भाऊ आहेत. थोरला होडी वल्हवणार. धाकट्याने दुपारीच पाद्रीकडून पाणी घेतलंय, म्हणजे तो ख्रिस्ती झालाय, तो बेटावरच राहणार. होडी देवांनी आणि माणसांनी इतकी जड झाली की चिखलात रुतली. तेव्हा धाकटा कमरेपर्यंत पाण्यात उतरला आणि त्याने होडी ढकलली. पलीकडे पोचता पोचता शिवाजी महाराजांचे लोक मशाली घेऊन काठावर उभे, आणि मागे जुवे बेटाच्या किल्ल्यावर संभाजीराजांच्या तोफा.

ऐकताना अंगावर काटा आला, खरंच. घरी येऊन काळाचा रकाना भरायला बसले आणि पेन थांबलं. तिसवाडीतली, म्हणजे दिवाडी ज्यात येते त्या तालुक्यातली, देवळं पाडली गेली १५४० च्या सुमारास. नार्व्याचं देऊळ महाराजांच्या आज्ञेने बांधायला घेतलं १६६८ त. संभाजीराजांच्या सैन्याने जुव्याचा किल्ला घेतला १६८३ च्या नोव्हेंबरात. परत घ्यायला व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर स्वतः गेला आणि मार खाऊन आला. जवळजवळ दीडशे वर्षं मास्तरांनी एका अमावस्येत बसवली आहेत. कुठला काळ लिहू?

सप्तकोटीश्वराचंही इतकं सरळ नाही. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत, त्यांच्या नाण्यांवर आणि बिरुदात त्याचा वरप्रसाद मिरवलेला. बहमनींच्या काळात देऊळ एकदा मोडलं, विजयनगरच्या माधव मंत्र्याने पुन्हा उभारलं, मग पोर्तुगीज आले. म्हणजे 'ती रात्र' आधीही एकदा येऊन गेलेली.

२४ जून

मास्तरांना फोन केला. म्हटलं, मास्तर, तारखा जुळत नाहीत. "जुळत नाहीत ना? बरं," म्हणाले, आणि पावसाचं विचारलं.

५ जुलै

आज वाचनालयाच्या बैठकीत नमुना ऐकवला. एका सदस्याचं मत : चुका काढून मगच संग्रहात घ्यावं, नाहीतर विद्यार्थी हेच खरं धरतील. त्यांचं अगदीच चूक आहे असं मला म्हणवत नाही. इतिहासाच्या नावाखाली काय काय फिरतंय ते रोज बघते.

आज ५ जुलै आहे हे मास्तरांना बरोबर लक्षात होतं. १९८६ त याच तारखेला पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला. संध्याकाळी फोनवरच वीस मिनिटं सांगितलं, मी रेकॉर्डर फोनला लावला (आवाज पत्र्यासारखा, पण आहे). सगळा गोवा अचानक फेरीबोटीवर आला. दिवाडीच्या लोकांनी याची मजा घेतली म्हणे : "आता कळलं, आम्ही कसे राहतो!" गंमत म्हणजे या गोष्टीत एकही तारीख इकडची तिकडे नाही. वार शनिवार, तोही बरोबर. म्हणजे जमत नाही असं नाही.

१८ जुलै

माशेलचा चिखलकाला. आषाढी एकादशीचा दुसरा दिवस. देवकीकृष्णाच्या देवळासमोरचं मैदान चिखलाने भरलेलं, पोरं चेंडूफळी, चक्र खेळतायत, म्हातारेही उतरलेत. मास्तर दरवर्षी येतात, पाय चालेनात तरी. देवळाच्या पायरीवर बसून जाणाऱ्या-येणाऱ्याला देव दाखवतात : "हो आमचो शेजारी." चोडणहून हा देव आधी मये आणि मग माशेलला आला. नदीकाठच्या या पट्ट्यात, माशेल, खांडोळा, नार्वे, असे शेजारी देव बरेच. दिवाडीच्या टेकडीवरचा गणपती खांडोळ्याला आहे. त्या टेकडीवर आज पिएदादची इगर्जी (चर्च) उभी आहे, आणि बाजूच्या सिमितेरीतल्या (दफनभूमीतल्या) कपेलात जुन्या देवळाचं दगडी कोरीवकाम अजून बघायला मिळतं.

सूचीसाठी अडचण : 'नार्वे' दोन आहेत. एक बेटावर, जिथे कोटितीर्थाची तळी आहे आणि मूळ देऊळ होतं. दुसरं नदीपलीकडे डिचोलीत, जिथे देव गेला. मास्तरांच्या मते देवासोबत गावाचं नावही होडीत बसून गेलं. ते बोलताना दोन्हींना नार्वेच म्हणतात आणि हाताने दिशा दाखवतात. रेकॉर्डिंगमध्ये हात ऐकू येत नाही! आजपासून वहीत हाताची दिशाही टिपायची. नार्वे-अलीकडचं, नार्वे-पलीकडचं.

२ ऑगस्ट

पावसाने उघडीप दिली म्हणून मास्तर बांधावर घेऊन गेले. या दिवसाबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

बेटाचा सखल भाग म्हणजे खाजन. नदी खारी, भरतीला पाणी शेतापेक्षा उंच. बाहेरून मातीचा बांध, आत शेत, आणि बांधात जागोजागी मानस. मानशीची दारं भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी बाहेर ढकलतं. आतल्या बाजूला पोंय, म्हणजे साचलेल्या पाण्याचं तळं, तिथे सुंगटे, शेवटे, काळुंद्र. त्या मासळीची पावणी होते, म्हणजे लिलाव, आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी निघायची. हे सगळं गावकारी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, बघायची. पोर्तुगीजांनी १५२६ तच तिचे रीतिरिवाज कागदावर उतरवून घेतले, इतकी ती आधीची आणि पक्की. भात कोरगूट, थोडा खारटपणा सोसणारं.

मास्तर बांधावर चालताना शेतांची नावं सांगतात. दर पंचवीस-तीस पावलांवर एक नाव. एक शेत कुणाच्या तरी सासूच्या नावाचं, एक बुडालेल्या म्हशीचं. एका शेताचं नाव मराठीत वेगळं, शेजारच्या ख्रिस्ती घरात वेगळं, आणि मास्तर दोन्ही सांगतात, दोन्हींची गोष्टही. एकूण ६४ नावं झाली. त्यातली बरीचशी आता पडीक, गवत कमरेएवढं. कुळ कायद्यानंतर जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या आणि बांध कुणाचे, हा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला, असं ते रागाने सांगतात. राग बार्जवाल्यांवरही आहे. खनिजाने भरलेल्या बार्ज इथून मुरगावला जायच्या. पावसात आग्वादकडचं तोंड बंद, म्हणून कुंभारजुव्याच्या कालव्यातून. त्यांच्या लाटा बांध खात. २०१२ त खाणी थांबल्या आणि "बांधाला चार दिवस झोप मिळाली."

एके ठिकाणी थांबून म्हणाले, होडी इथे रुतली.

मी विचारलं, कुठली?

"त्या रात्रीची." आणि खाली उतरून चिखलात काठी रोवून दाखवली. किती खोल जाते ते बघ म्हणाले. काठी हातभर गेली.

रेकॉर्डिंग ११, ९७ मिनिटं, वाऱ्यामुळे निम्मं खराब. माइकवर घालायला लोकरीची टोपी शिवून घ्यावी लागेल.

९ ऑगस्ट

टोपी बहिणीने बाळाच्या मोज्याची केली. उत्तम चालते.

२४ ऑगस्ट, शनिवार

ऑगस्टचा चौथा शनिवार, बोंदेरा. फेरीबोटीला ही रांग. मास्तर गर्दीत जात नाहीत, शेजारच्या घराच्या बलकांवात खुर्ची टाकून बसतात. ते घर एका ख्रिस्ती आंटीचं, वय ७९, मास्तरांच्या पहिल्या वर्गातल्या विद्यार्थिनीची थोरली बहीण. हिशेब मास्तरांचा.

बोंदेराची गोष्ट थोडक्यात : दोन वाड्यांत हद्दीवरून मारामाऱ्या, म्हणून हद्दीवर बावटे रोवले, मग लोक एकमेकांचे बावटे पाडू लागले. आता बांबूच्या 'फोटाश'ने तेफळं मारतात तो त्याचाच खेळ. नावातही पोर्तुगीज बावटाच आहे.

आजची खरी नोंद वेगळी आहे. आंटीने 'ती रात्र' मला तिच्या बाजूने सांगितली. तिच्या गोष्टीत थोरला भाऊ जवळजवळ नाहीच. सगळं धाकट्याचं : त्याला थंडी कशी वाजली, होडी गेल्यावर तो काठावर किती वेळ उभा राहिला, घरी येऊन त्याने ओले कपडे कुठे वाळत टाकले. "धुकलपी आमचो," ती म्हणाली, ढकलणारा आमचा. मास्तर मान डोलवत होते. मग दोघांत भांडण झालं, होडी दोन वेळा ढकलली की तीन. ते रेकॉर्ड झालंय (१४-ब).

१३ सप्टेंबर

कुंभारजुव्याचा सांगोड, गणपतीचा सातवा दिवस. दोन-दोन होड्या एकमेकींना बांधून वर फळ्या टाकतात, तोच सांगोड. त्यावर पौराणिक देखावे आणि गणपती, कालव्यात मिरवणूक. शांतादुर्गा अशीच होड्या जोडून पलीकडे नेली, त्याची ही आठवण, असं इथले लोक सांगतात. देवी आज माशेलला आहे, अजून कुंभारजुवेकरीण म्हणवते.

काठावर भेटलेल्या एका आजोबांना त्यांची गोष्ट विचारली. त्यांच्याही तोंडी 'त्या रात्री'च. फक्त तारी कुंभारजुव्याचा. मास्तरांना हे सांगितलं तर बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्यांचा तारी नवखा असणार. इतक्या रात्री दिवाडीचा तारी मोकळा नव्हता."

२९ सप्टेंबर, रविवार

मास्तरांनी ट्रंक उघडली.

आत अकरा वह्या. शाळेच्या जुन्या हजेरीपटांची कोरी पानं शिवून केलेल्या. प्रत्येक पानावर रकाने : काय सांगितलं, कुणी, कुठे बसून, कोणत्या साली. शेवटचा रकाना 'कागदात काय आहे'. आणि त्या शेवटच्या रकान्यात सगळं आहे. १५४०, १६६८, १६८३, सगळं लाल शाईत. पणजीच्या पुराभिलेखात बसून मोडीतले आणि पोर्तुगीज कागद उतरवून घेतलेत, सुट्टीच्या दिवशी, फेरीबोट पकडून. जून महिन्यात मी ज्या तीन तारखांवर अडले, त्या या वहीत १९७१ सालच्या पानावर आहेत.

मला रागच आला, खरं सांगायचं तर. तीन महिने हा माणूस मला 'बरं' म्हणत होता.

विचारलं, मग गोष्टीत का नाहीत?

त्यांनी सांगितलं ते रेकॉर्डिंग १७ मध्ये शब्दशः आहे, इथे गाभा. १९७१ च्या सुमारास त्यांनी चौथीच्या वर्गात ही गोष्ट बरोबर तारखांनी सांगितली. आधी देवळं पडली, मग शंभरावर वर्षांनी महाराज आले, मग संभाजीराजे. फळ्यावर सनावळी. नातीला न्यायला आलेला एक म्हातारा पाववाला, बेटावरचा पोदेर, खिडकीत उभा राहून ऐकत होता. वर्ग सुटल्यावर आत आला आणि म्हणाला, "मास्तर, तारखो बरोबर आसतल्यो. पूण व्हडें कोणें धुकललें?" म्हणजे, पण होडी कुणी ढकलली?

मास्तर म्हणाले, मी फळ्याकडे बघितलं. सनावळीत दोघं भाऊ एकमेकांना भेटतच नव्हते. एक इथे, एक तिथे, मध्ये शंभर वर्षं. ढकलणारा पुसला गेला होता, आणि तो त्या म्हाताऱ्याचा होता.

फळा पुसला आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट पुन्हा सांगितली, वडील सांगायचे तशी. वडिलांच्या गोष्टीतही एकच रात्र होती.

मी रेकॉर्डर बंद करायला विसरले. पुढे पंधरा मिनिटं कोंबड्या आहेत.

६ ऑक्टोबर

सूचीचा आराखडा बदलला. 'काळ' हा रकाना काढून दोन केले : 'सांगताना' आणि 'कागदात'. 'त्या रात्री'पुढे पहिल्या रकान्यात 'अमावस्या, एक रात्र', दुसऱ्यात तीन साली स्वतंत्र. 'व्यक्ती' रकान्यात 'ढकलणारा' अशी वेगळी ओळ. बैठकीतल्या त्या सदस्यांना पाठवलं. उत्तर नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

मुद्दाम आजचा दिवस निवडला. बेटावरून फेरीबोटीने पलीकडच्या नार्व्याला गेलो, मास्तर, आंटीचा मुलगा आणि मी. देवळाचं नूतनीकरण होऊन गेल्या वर्षी ते पुन्हा खुलं झालं. घुमट, दीपमाळ, आत धारालिंग. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. म्हणजे १३ नोव्हेंबर १६६८. शिवराज्ञेने देवालयाचा 'प्रारंभ'.

मास्तरांनी शिलालेख मोठ्याने वाचून दाखवला, शाळेत वाचतात तसा, अक्षर अक्षर. कोरणाऱ्याचं अक्षर चांगलं आहे म्हणाले. लाल पेन खिशातच राहिलं. आंटीचा मुलगा बाहेर पायरीवर थांबला होता. त्याला हाक मारून आत बोलावलं आणि नदीच्या दिशेला हात करून सांगितलं, बघ, तिकडून आली.

परतताना धक्क्यावर तिसरी-चौथीतली पोरं होती. फेरीबोट यायला वेळ होता. मास्तरांनी 'ती रात्र' सुरू केली. रेकॉर्डिंग २३. इंजिनाचा आवाज आहे, तसाच ठेवणार. ती पाण्याजवळच सांगायची असते.

७ डिसेंबर, शनिवार

टाइप केलेला मसुदा मास्तरांकडे गेला तो परत आला. २१२ पानांपैकी १४० वर लाल शाई. बहुतेक ऱ्हस्व-दीर्घ. दोन शेतांची नावं मी अदलाबदल केली होती, ती बाणाने दुरुस्त. 'त्या रात्री'च्या तळटीपेत मी १५४०, १६६८, १६८३ दिलं होतं. ते खोडलेलं नाही. खाली बारीक अक्षरात वाढवलंय : 'भरती होती की ओहोटी, तेही लिहावे.'

फोन करून विचारलं, काय लिहू?

म्हणाले, ओहोटी. होडी रुतली त्याअर्थी ओहोटीच. पण नुसतं लिहून चालणार नाही, अमावस्येच्या ओहोटीला ती जागा येऊन बघ. पुढची अमावस्या ३० डिसेंबर. अंधारात यायचं, पहिल्या फेरीबोटीने. आंटी चहा करणार आहे.

मुदत डिसेंबरअखेरचीच, म्हणजे हे शेवटून दुसऱ्या दिवशीचं काम. बॅटऱ्या चार्जला लावायच्या आहेत, मोज्याची टोपी धुवायची आहे. गमबूट कुणाकडून तरी मागून आणले पाहिजेत, आठ नंबरचे.